बोटी ओढायची वाट

आइंडहोवनच्या जुन्या कालव्याकाठी, माझ्या बाकाशेजारी एक आजी चाकांचा, बसायला सीट असलेला वॉकर धरून थांबल्या. सोबत छोटी नात होती.

“आजी, तुझा गुडघा दुखला तर बाबांना फोन करायचाय. ते कार घेऊन येतील.”

“गुडघा नवा बसवलाय, कुरकुरणारच. पुलापर्यंत चालायचं म्हणजे चालायचं.”

“ओके. पण आता माझेच पाय दुखतायत.”

“घ्या! बरं, मघाशी काय सांगत होतीस, या वाटेवरून घोडे काय करायचे?”

“दोरानं बोटी ओढायचे. टीचर म्हणाली, घोडा नसेल तर बोटवाल्याची बायको ओढायची, मुलं ओढायची. आजीसुद्धा!”

“आजीसुद्धा? मग चढ माझ्या वॉकरच्या सीटवर.”

“आणि बाबांना फोन?”

“पुलावर गेल्यावर करू. सांग त्यांना, बोट पोचली.”