कोपरापर्यंत जांभळं

(वाकोला, १९७१. चाळीतली खोली, दुपारचे साडेतीन. मोरीत जांभळ्या पाण्याचं घमेलं अजून तसंच आहे. जानकी आणि तिची धाकटी बहीण रतन. मध्येच आई येते.)

रतन: ताई, दोरीवर हात लावून आले. काठ अजून ओलाच आहे.

जानकी: तांब्यात निखारे भरलेत. साडी आत आण आणि काठावरून तांब्या फिरव. हळू, जळेल.

रतन: हळू कसं? साडेचारला येणार मुलाकडचे, सरूबाईंना घेऊन.

जानकी: चारदा गॅलरीत जाऊन आलीस. बघून साडी सुकत नाही.

रतन: सरूबाई ओळखतील का गं?

जानकी: गुलाबी होती, निळी पुडी टाकली, जांभळी झाली. कशी ओळखतील?

रतन: तीनदा पाहिलीय त्यांनी. तुझ्या अंगावर. तिन्ही स्थळं त्यांनीच आणली होती.

जानकी: म्हणून तर रंगवली. घरात धड साडी ही एकच. मला नाकारलं तेव्हाची साडी तुला नेसवली, असं नको वाटायला कुणाला.

रतन: पदराचा रफू गुलाबीच राहिलाय.

जानकी: टेरीनचा दोरा तो, रंग धरत नाही. पदर खोचून घे, दिसणार नाही.

रतन: चहा तू आणशील ना? माझ्याकडून सांडेल.

जानकी: हे असले हात घेऊन?

रतन: अगं बाई! धुतले नाहीस?

जानकी: साबण झाला, राख झाली, लिंबू झालं. दोन दिवस तरी रंग जात नाही आता.

आई: रतन, पोहे निवडलंस काय गो? आणि जानकी, हातांका ह्या काय झाला?

जानकी: रंग लागला, आई. अशी बाहेर कशी येऊ? मी आतच बसते.

आई: होय. आतच रव. कोणी इचारल्यानी तर मावशेकडे गेली म्हणान सांगतलंय. मी दूध घेवन येतंय.

रतन: बघितलंस? सुटल्यासारखी गेली आई.

जानकी: बरं झालं ना मग.

रतन: सकाळी काठीने ढवळायला मी होते. तू फक्त पिळलीस. पिळताना बोटं रंगतात, ताई. कोपरापर्यंत कशी रंगली?

जानकी: तांब्या एका जागी ठेवू नकोस.

रतन: मी काय विचारतेय?

जानकी: दोन दिवस आई माझ्याजवळ येते, तोंड उघडते आणि तांदूळ निवडायला बसते. बिनलग्नाची थोरली समोर दिसली की लोक धाकटीलाही चार प्रश्न विचारतात. तेच सांगायचं होतं तिला. सांगवत नव्हतं.

रतन: म्हणून हात बुडवून बसलीस?

जानकी: पाव तास. वाईट नाही वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं. पण तुझं जमायला हवं. आज बघायला येतोय त्या अंधेरीच्या कारखान्यातल्या लवूचा फोटो उशीखाली ठेवतेस ना तू?

रतन: ठेवते. मला हवाच आहे तो.

जानकी: मग झालं. बांगड्या घाल, केस विंचर. अगं, काढतेस काय? हातात आहेत त्या राहू देत.

रतन: रंग लागेल त्यांना.

जानकी: रतन, मोरीत काय करतेस? वेडी झालीस का? काढ हात पाण्यातून. ते नको म्हणून उठून गेले तर?

रतन: गेले तर रडेन. हातांचं विचारलं तर सांगेन, ताईबरोबर साडी रंगवली. ताई कुठाय विचारलं तर तू चहा घेऊन समोरच असशील.

जानकी: हात काढ गं. आई येईल इतक्यात.

रतन: थांब जरा. रंग धरू दे.