लिलीचे कांदे

तुम्ही माझ्या पांढऱ्या लिलीचे कांदे मागून राहिल्या, तर आधी हे ऐका.

हे तेव्हा जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते, अन् आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहत होतो. शेजारणीनं एकच कांदा दिला होता. त्याले फुटलेली पिल्लं दरवर्षी सुटी करून लावता लावता चार वर्षांत मी सूपभर कांदे केले. ते स्वयंपाकघरात वाळत ठेवून मी सकाळीच भंडाऱ्याले गेली. घरी एकोडी गावाहून आलेल्या सासूबाई होत्या. दुपारी परतली, तर सूप अर्धं रिकामं.

"आई, इथले कांदे?"

"भाजीत टाकले न. त्याच्या डब्यात देली. माहा तं उपास हाये."

शेजारीण म्हणाली होती, हा कांदा विषारी असते, गुरंही तोंड लावत नाहीत. अन् जेवणाची सुटी तर कधीच होऊन गेली होती.

काही न सांगता मी अनवाणी फॅक्टरीच्या गेटवर धावली. पहारेकऱ्यानं आत निरोप पाठवला. हे धापा टाकत बाहेर आले.

"आईले काही झालं काय?"

"नाही. तुम्ही डबा खाल्ला काय?"

यांनी मान खाली घातली.

"सांगा न!"

"एक घास घेतला. कडू जहर लागला, तसाच थुंकला. बाकी सगळा फेकला. पण आईले सांगू नको, उपास असूनही केली होती तिनं."

मी तिथंच मटकन बसली अन् रडली.

घरी सासूबाईनं विचारलं, "आवडली काय भाजी त्याले?"

म्हटलं, "डबा रिकामा हाये, आई."