धुतलेली मालगाडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या खरेदी-विक्री संघाचे चेअरमन आदरणीय मोहनराव, शाळेची गडबड बाजूला ठेवून आलेल्या प्रमुख पाहुण्या, मुख्याध्यापिका सत्यभामाताई, व्यासपीठावरचे आजी-माजी संचालक, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती सुग्रीवराव, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री चतुराबाई, घाटनांदूर आणि पंचक्रोशीतून आलेले सभासद शेतकरी, हमाल बांधव, गोदामात धान्य निवडणाऱ्या माझ्या भगिनी, आणि जेवणाच्या वासानं मागच्या दारात घुटमळणारी मंडळी! तुम्हीही आत या, बसून घ्या. माझं बोलणं संपल्याशिवाय पंगत बसवायची नाही, अशी तंबी मी आचाऱ्याला देऊनच आलो आहे.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. मोहनरावांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, ते मला दिसतंय. त्यांनी ते पुन्हा मनगटावर बांधावं, ही नम्र विनंती.

निरोप समारंभात काय बोलायचं असतं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. वक्तशीर, मनमिळाऊ, हसतमुख. सुग्रीवरावांना यातला एकही शब्द लावला तर खोटं ठरणार नाही. चौतीस वर्षं गोदाम सांभाळलं, पण काट्याच्या पारड्यावर कधी बोट ठेवलं नाही. पोत्यांवर मार्का मारायचा तर असा, की वाचायला चष्मा लागू नये. हे सगळं खरं आहे आणि ते माझ्या आधीच्या पाच वक्त्यांनी सांगून झालं आहे. म्हणून मी दुसऱ्याच विषयावर बोलणार आहे.

व्यासपीठाच्या डाव्या हाताला टेबलावर एक मालगाडी उभी आहे. बारा डबे, एकेक डबा वीतभर. चाकं म्हणजे शिलाई मशीनच्या बॉबिनी, पत्रा आहे बियाण्यांच्या जुन्या डब्यांचा. आत येताना तुमच्यातल्या निदान दहा जणांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅनेजरसाहेब, सत्काराच्या दिवशी तरी जरा पुसून ठेवायची होती की." डब्यांवर गंज आहे, धूळ आहे, तेलाचे डाग आहेत, टपावर पाखरं बसून गेल्याच्या खुणा आहेत. मंडळी, त्या गाडीला कृपा करून कुणी फडकं लावू नका. एकदा लागलंय. कुणी लावलं, तेच सांगायला मी उभा आहे.

बहात्तरच्या दुष्काळात आपल्या स्टेशनच्या मालधक्क्यावर धान्याची गाडी लागायची, हे इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ती लाल ज्वारी. तिच्या भाकरीला चव नव्हती म्हणतात, पण चूल त्याच भाकरीनं पेटती राहिली. त्या दुष्काळातूनच पुढच्या वर्षी आपला संघ उभा राहिला, तो इतिहास स्मरणिकेत आला आहे. स्मरणिकेत जे आलेलं नाही ते असं, की चतुराबाई तेव्हा पंचविशीच्या आत होत्या. खडी फोडायच्या कामावरून परत येताना गाडी लागलेली दिसली, की त्या इतर बायांबरोबर धक्क्यावर जायच्या आणि पोत्यांतून सांडलेली ज्वारी झाडून पदरात घ्यायच्या. बरोबर सात वर्षांचे सुग्रीवराव असायचे. घरी ठेवायचं कुणाजवळ?

त्या गाडीचा कुणी फोटो काढलेला नाही. कोण काढणार? आणि इकडे चार-पाच वर्षांपूर्वी चतुराबाईंच्या डोळ्यांना काचबिंदू झाल्याचं निघालं. एक डोळा गेला. दुसऱ्याला मधलं तेवढं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. तेही हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा सुग्रीवरावांनी मनाशी धरलं, की दिसतंय तोवर आईला ती गाडी पुन्हा दाखवायची.

पहिला डबा केला, झकास तांबडा ऑइलपेंट मारला आणि आईपुढे ठेवला. चतुराबाईंनी तो डोळ्याजवळ नेला आणि म्हणाल्या, "चांगलाय की. शेजारच्या छबूच्या पोरीच्या रुखवतात ठिव."

हसू नका, त्या इथेच बसल्या आहेत. आणि त्यांचं बरोबरच होतं. रुखवतात मांडलेल्या बंगल्यात कुणी राहायला जातं का? तसा तो डबा होता.

मग सुग्रीवराव दर रविवारी स्टेशनवर जाऊन बसायला लागले. उभ्या मालगाडीकडे तासन्‌तास बघत राहायचे. गावात बोलवा उठली, की सुग्रीव कुणाची तरी वाट बघतो. एकदा एका पोलिसानं हटकलं, "काय बघताय रोज रोज?" हे म्हणाले, "मळ बघतोय, साहेब." पोलीस म्हणाला, "तुमच्या घरी न्हाई का मळ?"

आता त्यांनी काय बघितलं, ते मला नंतर कळलं. त्यांच्याच शब्दांत सांगतो. "मळ उगं येत नसतो साहेब, त्याला कारण लागतं." पाणी वरून येतं, म्हणून गंजाचा ओघळ वरून खाली उतरतो. दाराच्या खालच्या कडेचा रंग पोत्यांनी घासून जातो. कडीपाशी हमालांच्या घामाच्या हातांचा काळा डाग पडतो. चाकांजवळची धूळ त्या गावच्या मातीच्या रंगाची असते. हे सगळं त्यांनी गोदामातल्या सामानातून उभं केलं. खिळे भिजत घालून गंज काढायचा, तो वस्त्रगाळ करून डिंकाच्या पाण्यात कालवायचा. डब्यावर ओल्या मिठाचे खडे चिकटवायचे, वरून रंग मारायचा आणि वाळल्यावर मीठ खरवडायचं. जिथलं मीठ निघालं तिथं पोपडा उडाल्यासारखा खालचा गंज दिसतो. ट्रॅक्टरचं जळकं तेल आसाला. रुळांमधली धूळ मलमलीतून चाळून सगळ्यावर.

प्रत्येक डबा आईच्या परीक्षेला जायचा. आणि चतुराबाई कडक परीक्षक. "वघळ आडवा कसा गेला रं? गाडी काय आडवी झाली हुती?" की डबा परत. असं करत तीन वर्षांत बारा डबे झाले. एक शेवटचा हात फिरवला, की सगळी गाडी सलग लावून आईला दाखवायची, असं ठरलं होतं.

आणि इथे, सभागृहातील बंधुभगिनींनो, या कथेत मी प्रवेश करतो.

माझा स्वभाव तुम्ही जाणता. राधाकिशन मॅनेजरला स्वच्छतेचा सोस आहे, हे सांगायला ज्योतिषी नको. टेबलावर धूळ दिसली तर मला घास गिळत नाही. मागच्या वर्षीची खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी काटे, मापं, ट्रॅक्टर, चाळणीयंत्र, सगळं धुऊनपुसून हळदकुंकू लावतात. सुग्रीवराव आईला घेऊन अंबाजोगाईला डोळे दाखवायला गेले होते. नवरात्राआधी त्यांच्या घरी सफेदी निघाली, तेव्हापासून ते बारा डबे गोदामातल्या फळीवर आणून ठेवले होते. ते फावल्या वेळात गाडी करतात, एवढंच मला ठाऊक होतं. मी बघितलं आणि माझं काळीज तुटलं. म्हटलं, एवढ्या गुणी माणसाची कला आणि तिच्यावर ही धूळ? मी बाह्या सारल्या.

बंकट हमाल माझ्याबरोबर होता. तो म्हणाला, "साहेब, ही घाण त्येनं मुद्दाम लावल्यावानी दिसती." मी त्याला म्हणालो, "अरे बंकट, घाण कुणी मुद्दाम लावतं का?"

टबात साबणाचं पाणी केलं. बारा डबे, माझ्या या दोन हातांनी, ब्रशनं घासून धुतले. डिंक तो, पाण्यापुढे किती टिकणार? फेस तांबडा होऊन निघून गेला आणि मला वाटलं, बघा, किती मळ होता! नंतर फाटकाचा उरलेला ऑइलपेंट होता, त्याचा एकेक हात मारला. हळदकुंकू लावलं, झेंडूचं एकेक फूल ठेवलं. खोटं कशाला सांगू, मी लांब उभा राहून बघितलं आणि स्वतःवर खूश झालो.

दुपारी एसटीतून उतरून मायलेकरं थेट पूजेलाच आली. सुग्रीवराव फळीपुढे थांबले. एकेका डब्यावरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले. मला वाटलं, माणूस भारावला. मग म्हणाले, "लई लखलखीत झाल्यात, साहेब." हात जोडले, पेढा घेतला. मागून चतुराबाई आल्या. एका डोळ्यानं जवळ वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्या कुणाच्या रं?"

"आपल्याच हायेत आई. पूजेसाठी धुतल्यात."

"व्हय? मला वळखू नाही आल्या," असं म्हणून त्या पायरीवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी बंकटनं त्यांच्याकडून कळलेलं सगळं मला सांगितलं. त्यानं आडपडदा ठेवला नाही. "साहेब, तुमी कावून हात लावला? त्या म्हातारीच्या डोळ्याला डागदरनं वरीस दिलंय. फार तर सव्वा." मंडळी, तीस वर्षांच्या नोकरीत माझी मान इतकी खाली कधी गेली नव्हती. ज्या मळासाठी त्या माणसानं तीन वर्षं घालवली, तो मी एका सकाळीत धुऊन टाकला होता. आणि बाईंच्या डोळ्यापाशी उरलं होतं एक वर्ष.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. सुग्रीवराव ओट्यावर बसून चाकूनं माझा ऑइलपेंट खरवडत होते. मी वाटेत माफीचे चार शब्द जुळवून गेलो होतो. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "या साहेब. आलातच तर तेवढं मीठ चिकटवा." संपलं. ते चार शब्द माझ्या तोंडातच राहिले. मॅनेजरची जीभ हुकूम सोडायला वळते, इतर कामाला जड असते.

त्या दिवसापासून दर रविवारी माझी हजेरी त्या ओट्यावर. मी मीठ लावलं तेही ओळीत, सारख्या अंतरावर. सुग्रीवराव म्हणाले, "साहेब, गंज काय प्रार्थनेला उभा ऱ्हायलाय का?" स्वच्छता शिकायला मला आई पुरली, मळ शिकायला मात्र वर्ष लागलं. बंकटनं लोहाराकडून लोखंडाचा कीस आणला. गोदामातल्या साखराबाईंनी ज्वारीचं कोंडकं पाखडून दिलं, डब्यांच्या दारात अडकवायला. यंदाही पावसानं ओढ दिली, श्रावण कोरडा गेला. गोदामात काम कमी आणि रुळांमध्ये धूळ मात्र मुबलक. मी स्वतः मलमलीचा तुकडा घेऊन स्टेशनवर धूळ चाळत बसलो. तोच पोलीस आला, मला बघितलं, कपाळाला हात लावला आणि निघून गेला.

या तेरा महिन्यांत सुग्रीवरावांनी मला एक शब्दानं टोचलं नाही. एकदा मी विचारलंच, "तुम्हाला राग नाही आला?" ते म्हणाले, "आला हुता की. पर तुमी किती मायेनं घासलं हुतं, ते रंग खरवडताना कळत हुतं. कोपरेसुद्धा सोडले न्हाईत." ते आता घरी बसणार, आणि रविवारी मी कुठं जायचं, हा माझ्यापुढे प्रश्न आहे. या माणसाच्या जाण्यानं गोदाम ओस पडेल, हे वाक्य रीतीचं असतं. माझ्यापुरतं ते खरं आहे.

बाराही डबे मागच्या आठवड्यात पुरे झाले. या वेळी एकेक डबा आईला दाखवायचा नाही, असं आम्ही ठरवलं. पुन्हा 'परत ने' म्हणाल्या असत्या तर वेळ नव्हता. डोळा आता फार थोडा उरला आहे. म्हणून आज सकाळी नऊ वाजता, तुम्ही कुणी यायच्या आधी, याच टेबलावर गाडी सलग लावली. खिडकीतून ऊन येत होतं. चतुराबाईंना हाताला धरून आणलं. मी, बंकट आणि सुग्रीवराव, एवढेच होतो. सुग्रीवराव आईच्या डाव्या बाजूला टेबलाला टेकून उभे. बंकट मला हळूच म्हणाला, "साहेब, श्वास घ्या."

त्या वाकल्या. नाक डब्याला लागेल इतक्या जवळ. पहिला डबा बघितला, दुसरा बघितला. तिसऱ्या डब्याच्या दारापाशी थांबल्या, कोंडक्यावर बोट फिरवलं. आणि गाडीवरची नजर न काढता त्यांनी डावा हात आडवा केला, लेकाला छातीवर हात लावून मागे रेटलं आणि म्हणाल्या, "सुग्र्या, माघं सरक. चाकाखाली जाशील."

अठ्ठावन्न वर्षांचे सुग्रीवराव दोन पावलं मागे सरकले.

अध्यक्ष महाराज, तुमचं घड्याळ बघायची हिंमत आता माझ्यात नाही. आपण मला इतका वेळ बोलू दिलंत, सत्यभामाताईंनी शाळेची घंटा विसरून ऐकून घेतलं, मागच्या दारातली मंडळी भुकेल्या पोटी उभी राहिली, या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मानपान राहिला असेल, कुणाला नको ते लागलं असेल, तर घरचाच माणूस समजून पोटात घाला.

आणि सुग्रीवराव, मागच्या खंडेनवमीला माझं चुकलं. त्या दिवशी ओट्यावर म्हणायचं राहिलं होतं, ते आज या भरल्या सभेत म्हणतो. मला माफ करा.