चहा थंड करायची मशीन

भनपुरीच्या दवाखान्यात शांताबाई रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढं सिलतऱ्याच्या प्लांटमधला फिटर प्रफुल्ल होता, ओठ टम्म सुजलेला. त्याच्या शेजाऱ्यानं, नत्थूभाऊंनी, त्याला सोडलं नाही.

“काहून रे, तोंडाले काय झालं?”

“चहा थंड करून राहिलो होतो, भाऊ.”

“थंड?”

“हव. नीलिमा नव्या राजधानीच्या हापिसात लागली, तवापासून तिची बस साडेसातले येते. चहा गरम, म्हणून रोज तसाच ठेवून जाते. म्हटलं, आपण फिटर माणूस, बायकोसाठी एवढं नाही जमणार? जुन्या फ्रिजची तांब्याची नळी गोल वळवली, बर्फाच्या बादलीत ठेवली. वरून गरम चहा टाकायचा, खालून थंड घ्यायचा.”

“आला थंड?”

“काहीच नाही आलं. नळीत साय अडकली.”

“मग?”

“मग मी वरून तोंड लावून फुंकलं. साय हलली नाही, चहाच उलटा तोंडात आला.”

शांताबाईंना राहवलं नाही. “अरे बाबा, बशीत ओतून द्यायचा ना!”

“नीलिमाही हेच म्हणे, मावशी. पण मी फिटर पडलो ना!”

“अन् तिची बस?” नत्थूभाऊंनी विचारलं.

“गेली. म्हटलं, आता मले खाते. पण ते तर खाली बसून पोट धरून हसून राहिली. मग शेगडीवरच्या गंजातला उरलेला चहा घेतला, अन् माझ्याजवळ बसून दोन कप प्यायली.”

“गरमच?”

“नाही भाऊ. तोवर आपोआप थंड झाला होता.”