ठेका कुणाचा पळत होता

दुकानदार: म्हणजे कसंय मास्तर, डाव्या हातानं तुम्ही नुसता सूर धरायचा. बाकी सगळं हा अरेंजर कीबोर्ड बघतो. ठेका, बास, मागची तार, सगळं. माणसांची पलटण नको, रुसवेफुगवे नकोत.

दीर: ठेके दाखवा. बाकी नंतर.

दुकानदार: ठेक्यांना तोटा नाही. हा बघा, लोकसंगीताचा गटच वेगळा दिलाय. डोंगराकडचे, वाळवंटातले, समुद्राकाठचे, म्हणाल तिथले. ताई, तुम्ही उभ्या का? ते स्टूल ओढून घ्या.

वहिनी: असू दे. मी उभीच असते. गातानासुद्धा.

दुकानदार: अस्सं, गाता तुम्ही. आणि मास्तर तुमचे?

वहिनी: धाकटे दीर. हे कीबोर्ड वाजवतात, मी गाते.

दुकानदार: मग ठेक्याला कुणीतरी असेलच की. उगीच कशाला मशीनच्या नादी लागता? हे मी दुकानदार असून सांगतोय, बघा.

वहिनी: माझे मिस्टर होते. डफ वाजवायचे. आठ महिने झाले त्यांना जाऊन.

दुकानदार: अरेरे. मला कल्पना नव्हती, ताई. माझं तोंड म्हणजे ना.

वहिनी: तुम्हाला कशी असणार? दाखवा तुम्ही. येत्या रविवारी कार्यक्रम आहे, ते गेल्यानंतरचा पहिला. याच्यावर जमलं तर पुढं गायचं, नाहीतर बंद करून टाकायचं. असं ठरवूनच निघालोय घरातून.

दीर: डफ लावा.

दुकानदार: हा घ्या. डफ एक.

दीर: हा डफ नाही. पत्र्याचा डबा आहे.

दुकानदार: खरंय, हा जरा स्वस्तातला आहे. नवशिके नेतात. बरं, या मधल्यावर ऐका.

दीर: बोटं वेगळी ऐकू येत नाहीत. सगळी थाप एकाच मापाची.

दुकानदार: कान तिखट आहेत हो तुमचे. मग सरळ या मोठ्याकडेच या. याच्यात खऱ्या वादकाकडून वाजवून घेऊन भरलंय. मधोमध थाप, कडेला बोट, अंगठ्याची घासणी. ऐका.

वहिनी: यात कातडं आहे.

दीर: हो. चालेल.

वहिनी: माझा तो सूर निघतो का बघा. दळणाच्या गाण्यातला.

दुकानदार: कुठला सूर, ताई?

वहिनी: शुद्ध रे आणि कोमल रे यांच्या मधला. पेटीवर मिळत नाही तो. यांच्या जुन्या कीबोर्डवरही नव्हता. मी एक गायचे, हे दुसरं वाजवायचे, आणि लोक म्हणायचे, बाई बेसूर आहे.

दुकानदार: मग तुमची दुखणी संपली म्हणा. ही बारकी बटणं बघा, बारा. जो सूर खाली ओढायचा त्याचं दाबायचं. पाव सूर खाली. गा बघू.

वहिनी: हां. हाच.

दुकानदार: बघा, सापडला. आता नुसती मान हलवू नका, ताई, जरा हसा तरी. गिऱ्हाइकं इथं नाचतात हा सूर मिळाला की.

वहिनी: छान आहे. खरंच छान आहे. मला हल्ली लवकर काही वाटत नाही, एवढंच.

दीर: पूर्ण गाणं वाजवून बघू. पाखडणीचं. वहिनी, तुम्ही गाऊ नका, नुसतं ऐका. गती किती ठेवू?

वहिनी: नेहमीची.

दुकानदार: नेहमीची म्हणजे आकड्यात किती? इथं आकडा लागतो.

दीर: आकडा आम्हाला माहीत नाही. दादा दोन थापा द्यायचा, मी सुरू करायचो.

दुकानदार: हे पडद्यावर बघा. मी वाढवत जातो, पटलं की थांब म्हणा.

दीर: थांबा. ही.

दुकानदार: एकशे चार. आता डावा हात ठेवलात की सुरू होईल आपोआप. हं.

(गाणं सुरू होतं आणि चौथ्या कडव्यात तुटतं.)

दीर: हे मागं पडतंय.

दुकानदार: कोण?

दीर: तुमचं यंत्र. तिसऱ्या कडव्यापासून मागं पडायला लागतं. बिघडलंय.

दुकानदार: परवाच खोक्यातून काढलाय, मास्तर. आकडा बघा की, एकशे चारच आहे.

दीर: आकडा तोच राहतो. ठेका मागं पडतो. मला कळतं, वीस वर्षं वाजवतोय मी.

दुकानदार: बरं बाबा, तुमचं खरं. मधल्यावर वाजवा. याच्यावरही एकशे चार लावून देतो.

दीर: हाही तसाच.

दुकानदार: हाही?

दीर: चौथ्या कडव्याला मी पुढे, हा मागे. पहिल्यावर बघू.

दुकानदार: मास्तर, तिन्ही कशी बिघडतील? तीन वेगळ्या वेळी आलेला माल आहे.

दीर: वीज कमीजास्त होत असेल तुमच्याकडे.

दुकानदार: विजेनं दिवा मंद होईल, ठेका नाही होत. रागावणार नसाल तर एक बोलू?

दीर: बोला.

दुकानदार: नाही, म्हणजे तुमचा हात गोड आहे. त्यात वाद नाही. पण मला वाटतं, तुम्हीच पुढं जाताय.

दीर: मी?

दुकानदार: होतं असं. फार जणांचं होतं. यंत्र काही आपल्यामागं येत नाही ना. आपल्यालाच त्याच्याबरोबर राहावं लागतं.

दीर: माझा ताल पक्का आहे. वहिनींना विचारा.

दुकानदार: ताई?

वहिनी: मला कशाला मध्ये घेता? तुमचं तुम्ही बघा.

दुकानदार: मग एक सोपं आहे. आता ठेका मी बंद करतो. तुम्ही एकटे वाजवा. या बटणावर बोट मारत राहिलं की किती गतीनं बोट पडतंय त्याचा आकडा पडद्यावर येतो. ताई, गाणं तुमच्या अंगात आहे. तुम्ही मास्तरांबरोबर बोट मारा. मी मध्ये नाहीच.

वहिनी: नको. राहू द्या.

दीर: मारा वहिनी. काय बिघडतं?

वहिनी: भाऊजी, खरंच राहू द्या. हा मोठा चांगला आहे. घेऊ आणि जाऊ.

दीर: मी सुरू करतोय. मारा.

दुकानदार: एकशे चार. झकास. एकशे चार, एकशे पाच. पहिलं कडवं सरळ गेलं बघा. एकशे सात. एकशे आठ. ताई, थांबू नका. एकशे अकरा. हे तिसरं का? एकशे चौदा. एकशे... मास्तर, बास. कळलं आपल्याला.

दीर: किती झाला?

दुकानदार: राहू द्या हो आता.

दीर: वहिनी, किती?

वहिनी: एकशे अठरा.

दीर: तुमचं बोट पळालं असेल.

वहिनी: माझं बोट तुमच्या मागं होतं.

दुकानदार: मी जरा आतून वायरी बघून येतो. तुमचं चालू द्या.

वहिनी: थांबा तुम्ही, काही लपवण्यासारखं नाही यात. बसा, भाऊजी.

दीर: शेवटच्या कार्यक्रमाला मी दादाला काय बोललो, ते ऐकलं होतंत तुम्ही.

वहिनी: सगळ्यांनीच ऐकलं. पडद्यामागं होतात तरी आवाज काही लहान नव्हता तुमचा.

दीर: मी म्हणालो, तुझा ठेका पळतो. तुझ्यामुळं माझी बोटं दुखतात. म्हातारा झालास, आता डफ ठेव खाली.

वहिनी: हो. असंच म्हणालात.

दीर: आणि त्यानं ठेवला.

वहिनी: ठेवला. खोळीत घातला, खोळीची नाडी बांधली. मग सहाच आठवडे जगले ते. एकदाही सोडली नाही नाडी. सकाळी उठून बोटांना तेल लावायची सवय होती, तीपण सोडली. मी म्हटलं, असं काय करता? तर म्हणाले, बोटांचं आता काय काम आहे?

दीर: त्याला माहीत होतं? की मी पळतोय?

वहिनी: पहिल्या वर्षापासून.

दीर: तुम्हाला?

वहिनी: मलाही. मी दोघांच्या मध्ये उभी असायचे. मला कळणार नाही होय?

दीर: मग तो बोलला का नाही? तेवढ्या माणसांत मी त्याला तसं बोललो, तेव्हा तरी म्हणायचं होतं की बाबा, पळतोस तू.

वहिनी: मी तेच म्हटलं होतं त्यांना, घरी आल्यावर. सांगून टाका एकदाचं. तर म्हणाले, सांगितलं तर तो मोजत बसेल. रंगात आला की पळतो तो, लहानपणापासून तसाच आहे. मला जाता येतंय त्याच्यामागं, जाऊ दे की.

दीर: वीस वर्षं तो माझ्यामागं येत होता.

वहिनी: वीस वर्षं.

दीर: आणि तुम्ही आठ महिने माझ्या ताटात वाढत राहिलात.

वहिनी: वाढायचं काय, हात करतात ते. पहिले काही दिवस वाटायचं, ताट समोर ठेवताना सांगावं आणि तुमचं तोंड बघावं. मग तेही वाटेनासं झालं. तुमच्यावर राग यायला हवा मला, भाऊजी. मी वाट बघते त्याची. येतच नाही.

दीर: मलाही आता रडू यायला पाहिजे.

वहिनी: आलं तर रडा. यांना काही वाटणार नाही.

दुकानदार: नाही नाही. माझं काय? पाणी आणू का?

दीर: नको. नाही येत. बधिर झाल्यासारखं झालंय सगळं. हाताखाली पट्ट्या आहेत तेवढ्या कळतायत.

वहिनी: मी सांगणार नव्हते हे तुम्हाला. मरेपर्यंत नसतं सांगितलं. त्यांनी नको म्हटलं होतं.

दीर: तुम्ही कुठं सांगितलंत? आकडाच आला समोर.

दुकानदार: मास्तर, लहान तोंडी मोठा घास होईल, पण तुम्ही आज घेऊ नका काही. घरी जा. कीबोर्ड कुठं पळून जात नाही.

दीर: रविवारचं काय करायचं?

वहिनी: तुम्ही म्हणाल तसं. बंद करायचं असेल तर मी कार्यक्रमवाल्यांना कळवते, गाणार नाही म्हणून. माझ्या मनात काही येणार नाही.

दीर: गाणं बंद झालं तर तुम्हाला काय राहतं मागं?

वहिनी: काही नाही. पण आत्ताही काही फार आहे असं नाही.

दीर: मोठ्यावर ठेका लावा हो. तोच, डफाचा.

दुकानदार: एकशे चार?

दीर: एकशे चार. वहिनी, या वेळी गा. पूर्ण पाच कडवी.

वहिनी: घसा बसलाय.

दीर: बसलेला चालेल.

दुकानदार: लावला बघा. तुम्ही हात ठेवा, होईल सुरू. ताई, हं. छान. दुसरं कडवं. अगदी बरोबर. तिसरं. बरोबर चाललंय. चौथं. गा ताई, गा. झालं. संपलं की. वाहवा. याला म्हणतात वादक. एकदा सांगितलं आणि शिकलात. मास्तर, पहिल्या थापेपासून शेवटच्या थापेपर्यंत ठेक्याला चिकटून. जरासुद्धा पळाला नाहीत तुम्ही.

वहिनी: हो. मी ऐकलं. मोजून वाजवलंत, भाऊजी.

दीर: हाच बांधून द्या.