फळबागेचं फाटक

...हो, तीच ती वाट, तुमच्या नकाशावर ठिपक्याठिपक्यांची. माझ्या मागच्या दारापासून निघते, मॅनरच्या, त्या जुन्या जमीनदारी वाड्याच्या फळबागेतून, ओढ्यावरच्या लाकडी पुलावरून थेट चर्चच्या दफनभूमीत. सात मिनिटं. आणि रस्त्यानं गेलं तर दीड मैल — कडेला पाऊल ठेवायला जागा नाही, गाड्या तर अशा येतात, जणू सगळ्यांच्या घरी आग लागलीय. बसा ना, मिस्टर लॅम, ती खुर्ची आमच्या रेगची, माझ्या नवऱ्याची, पण आता कुणीही बसतं. काउंटीच्या ऑफिसातून माणूस या दारी येईल असं वाटलं नव्हतं. दूध घाला, लाजू नका.

तर लिहून घ्या. वीस वर्षं लोकांनी कुणाला न विचारता, कुणी न अडवता वाट वापरली असेल तर ती गावाची — असंच ना? मला सगळं समजावलंय, इतिहास मंडळाच्या सेक्रेटरीनं. इतिहास मंडळ म्हणे. हा ह्यू फेअरब्रास, लिटल ऑर्डलीत येऊन त्याला नऊ वर्षं झाली, आणि मला म्हणतो, हेस्टर, तुम्ही म्हणजे गावाचा ठेवा आहात. मी म्हटलं, ठेवा असते तर एव्हाना तुमच्यापैकी कुणीतरी मला विकत घेऊन मागे काचेची खोली काढली असती. हसला. यांना काहीही बोला, हसतात. येताना घरांवरच्या पाट्या पाहिल्यात ना? जुनी बेकरी, जुनी शाळा, जुनं पोस्ट. पाव कुठं मिळतो? सहा मैलांवर. जुन्या पोस्टातली बाई मलाच विचारते, पत्र कुठं टाकायचं. मी ज्या वर्गात पाढे म्हटले तिथं आता वाइनच्या बाटल्या आडव्या झोपतात. आणि चर्चच्या घंटांनी यांची झोप मोडते — अहो, घंटा सहाशे वर्षांच्या, झोप परवा लंडनहून आलेली.

पण सगळ्यांवर कडी केली ती या प्रेन्टिसनं. सहा वर्षांपूर्वी मॅनर घेतलं आणि या मार्चमध्ये फाटकाला आकड्यांचं कुलूप ठोकलं. म्हणतो काय, खाजगी बाग आहे, इथून कधी कुणी जातच नव्हतं. माझा रेग पलीकडे दफनभूमीत आहे, मिस्टर लॅम. चार वर्षं रोज सकाळी गेले मी, त्याला सांगायला, बटाटे लावले, छप्पर गळतंय, असलंच काहीतरी. मार्चपासून अकरा वेळा गेले. अकरा. तेही कुणी गाडीत घेतलं तर, आणि मग वाटभर त्यांच्या स्वयंपाकघराच्या फरशीचं कौतुक ऐकायचं. माझे गुडघे दीड मैल काढत नाहीत आता. म्हणून तर तुम्हाला बोलावलं.

आणि म्हणे कुणी जात नव्हतं. या प्रेन्टिसला काय ठाऊक, फाटकाची जुनी किल्ली कुणाकडे होती ते? थांबा, दाखवते. ही बघा. हातात घ्या, वजन बघा. आधी माझ्या वडिलांकडे, ते तिथं माळी होते, मग माझ्याकडे. मिस थर्लबी — मॅनरच्या घराण्यातल्या शेवटच्या, आठ वर्षांपूर्वी गेल्या — दर नाताळच्या सकाळी निरोप धाडायच्या, हेस्टर, आज फाटक लाव. वर्षातून तेवढा एकच दिवस. मी कुलूप लावायची, दुसऱ्या दिवशी उजाडलं की काढायची. एकेचाळीस वर्षं, एकदा चुकले नाही, पोरगी तापानं फणफणली होती तेव्हाही नाही. सगळं गाव त्या दिवशी वळसा घालून चर्चला जायचं, कुणी ब्र काढला नाही. का म्हणजे? त्यांच्या आजोबांपासूनची रीत. बाग कुणाची आहे याची लोकांना आठवण राहावी म्हणून. याला म्हणतात घरंदाजपणा. त्या प्रेन्टिसला सात जन्मांत जमायचा नाही. लिहा, हे लिहाच.

का थांबलात?

चहा निवतोय तुमचा. वाचा पुन्हा. "मालकिणीच्या सांगण्यावरून, दरवर्षी." हो, म्हणाले मी तसं. मग? एका दिवसानं काय होतंय, बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस उघडंच तर — काय म्हणता, तेवढं अडवणंही पुरतं? वीस वर्षांचा हक्क तुटायला एक दिवस पुरतो. म्हणजे कुलूप त्यासाठीच होतं. आजोबांना कुणा वकिलानंच सांगितलं असणार. आणि मला वाटायचं, माझ्यावर भरवसा म्हणून किल्ली माझ्याकडे.

खोडा ते. मी अजून सही केलेली नाही. म्हातारी बाई बडबडली, तुम्ही ऐकलं नाही, संपलं. ...नाही, राहू द्या. खोटं नाही बोलता यायचं मला. आणि बोलूनही काय — ह्यूनं गावाचं पुस्तक काढलंय ना, त्यात आहे सगळं. मीच सांगितलं होतं त्याला. पानभर फोटो आहे माझा, फाटकापाशी, किल्ली हातात धरून. हसतेय मी त्यात. प्रेन्टिसच्या दिवाणखान्यात टेबलावर पडलेलं असेल ते पुस्तक.

द्या तो कागद. कुठं, इथं? झाली सही. किल्ली ठेवा खाली, मिस्टर लॅम. आणि मागच्या दारानं नका जाऊ, तिकडून कुठंच जाता येत नाही. पुढून जा.