माझी पात

"माझी पात कोणी रोवली? बोला!" मी चिखलपाण्यानं भरलेल्या बांधीत उभी राहून ओरडत होते आणि बाया खाली माना घालून रोपं लावत होत्या.

धानाची रोपं लावायच्या रोवण्यात प्रत्येक बाईची आपली पात असते. मागे सरत सरत आपली पट्टी आपणच भरायची. माझी पात कधी कोणाला भरावी लागली नव्हती. मी गुडघ्याला तेल चोळायला घडीभर बांधीच्या कडेला धुऱ्यावर काय बसले, यांनी ती भरून टाकली!

शेवटी माझी सून वनिता म्हणाली, "आम्हीच रोवली, आई. तुमच्यानं वाकणं होऊन नाही राहिलं. डॉक्टर म्हणले ना, गुडघे ओले करू नका."

"धानाच्या बांधीत? त्याले म्हणा, तूच ये अन् सुकं रोवून दाखव!"

बाया हसल्या. शेजारची कमला म्हणाली, "काकू, निरगुडीचा पाला बांधून पडून राहा जी."

"बांधला. मोहाचं तेल झालं, मेडिकलच्या गोळ्या झाल्या. या उकाड्यात पट्टा बांधला तर घामानं कातडं सोलते, सोडला तर गुडघा ठणकते."

"मंग कायले येता?" वनिता रडकुंडीला आली होती. "घरी खाटेवर पडा ना!"

मी तिच्या हातातली कोवळ्या रोपांची, पऱ्ह्यांची पेंडी ओढून घेतली आणि म्हटलं, "खाटेवर नुसतंच दुखते, बाई, इथं दुखता दुखता चार रोपं तरी लागतात."